गुहागरसारख्या उघड्या किनाऱ्यासमोर शिडाची बोट रात्रभर नांगरून ठेवावी का? आमचा नांगर घसरला होता

शिवसागर_सातारा

नमस्कार मंडळी. लिहू का नको करत बरेच दिवस गेले, पण डिसेंबरात परत जायचंय म्हणून आता विचारतोच.

मी साताऱ्याचा. वडिलांचं मूळ गाव बामणोलीच्या अंगाला, म्हणजे होतं, ते आता कोयनेच्या पाण्याखाली आहे. शिवसागरातल्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातल्या, लाँचा बघतच लहानाचा मोठा झालो. तीन वर्षांपूर्वी आम्ही तिघा मित्रांनी मिळून एक सेकंडहँड शिडाची बोट घेतली, २४ फुटी, फायबरची, खाली किल (बुडाखालचा जड पंख) आहे त्यामुळं पाण्यात चार फूट बुडते, मागं ६ एचपीचं आउटबोर्ड इंजिन. ठेवायला जयगडच्या खाडीत जागा मिळालीय.

गेल्या शिमग्याला, पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, आम्ही गुहागरच्या बीचसमोर थांबलो. दुपारी साडेचारच्या सुमारास नांगर टाकला. खोली तीन मीटर भरली, तळाला वाळू, वारा वायव्येकडून होता पण म्हटलं संध्याकाळी पडेल. दोर पंधरा मीटर सोडला, पुढं तीन मीटर साखळी, नांगर चार आकड्यांचा, बोटीबरोबर आलेला तोच. बरोबर माझी अकरा वर्षांची मुलगी होती. किनाऱ्यावरनं ढोलाचा आवाज येत होता, चांदणं पडलेलं, सगळं झकास.

वारा काय पडला नाही. रात्री साडेदहाच्या पुढं बोट विचित्र हिसके द्यायला लागली, आणि मग ढोलाच्या आवाजापेक्षा लाटा फुटायचा आवाज मोठा झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण सरकतोय. बाहेर येऊन बघतो तर सुरूची झाडं डोक्यावर आल्यासारखी दिसत होती. किल एकदा तळाला घासली, तो आवाज अजून कानातनं जात नाही. इंजिन दुसऱ्या झटक्याला सुरू झालं म्हणून निघालो, नाहीतर काय झालं असतं ते बोलायला नको. पोरगी काही बोलली नाही, फक्त माझा शर्ट धरून बसली होती.

आता वडील मागं लागलेत. वय बहात्तर. गाव पाण्यात गेलं तेव्हा ते आठ-नऊ वर्षांचे होते. ते म्हणतात, मला एकदा बोटीतनं समुद्राकडनं कोकण बघायचंय, गुहागरच्या वाळूत उतरायचंय, आपल्या गावावरचं पाणी तिकडंच कुठंतरी समुद्राला मिळतं ना. त्यांना नाही म्हणवत नाही. पण परत ती रात्र नको. नक्की चुकलं काय आणि अशा उघड्या किनाऱ्यावर नांगर टाकायची बरोबर पद्धत काय, कुणी नीट समजावून सांगेल का?

---

मिरजकर_सुकाणू

भावा, आधी पोरगी आणि तुम्ही सगळे सुखरूप आलात हे वाचून बरं वाटलं. मी मिरजेचा, बावीस वर्षं मर्चंट नेव्हीत डेकवर काढली आणि आता मित्राच्या छोट्या शिडाच्या बोटीवर जातो. तू आकडे व्यवस्थित लिहिलेस त्यामुळं चूक शोधायला वेळ लागला नाही. ती दोरात आहे.

तू साडेचारला टाकलास, चतुर्दशी होती. आपल्या किनाऱ्यावर कोळ्यांचा हिशोब असतो की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चौदा गुणिले पाऊण म्हणजे साडेदहा. म्हणजे तू बरोबर ओहोटीला तीन मीटर मोजलेस आणि साडेदहाला तिथं उधाणाचं पाणी चढून पाच मीटर झालं. त्यात नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, पाण्यापर्यंतचं एक मीटर धर, कारण दोर पाण्यातनं सुरू होत नाही, नाळेवरनं सुरू होतो. झाले सहा. तुझा दोर पंधरा, साखळी धरून अठरा, म्हणजे तिप्पट. एवढ्या दोरावर नांगर आडवा ओढला जातच नाही, तो वर उचलला जातो, आणि नांगर वर उचलला की संपलं. दोर आणि थोडी साखळी असेल तर सातपट लागतो, सगळी साखळीच असेल तर शांत हवेत पाचपट चालतो, आणि हवा बिघडली तर दहापट. तुझ्या त्या जागी सहा गुणिले सात, बेचाळीस मीटर पायजे होता.

पण खरं सांगू का, बेचाळीस सोडला असतास तरी ती जागा चुकीचीच होती. लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोल पाण्यात आली की फुटते, म्हणजे दीड मीटरची लाट दोन मीटर पाण्यात फुटणार. आणि आज समुद्र एक मीटरचा आहे असं आपण म्हणतो ना, ती सरासरी मोठ्या लाटांची, अधनंमधनं त्याच्या जवळजवळ दुप्पट एखादी येतेच. तू ओहोटीला तीन मीटरवर उभा, मागं बेचाळीस मीटर दोरावर झुलणार, म्हणजे बोटीचं मागचं टोक फुटणाऱ्या लाटांच्या दारात. म्हणून उघड्या किनाऱ्यावर ओहोटीचं सात-आठ मीटर पाणी बघायचं, किनारा लांब राहिला तरी राहू दे. आठ अधिक दोन अधिक एक, अकरा, गुणिले सात, सत्त्याहत्तर मीटर. तुझ्या बोटीवर ऐंशी मीटर नायलॉनचा दोर बारा-चौदा एमएमचा आणि दहा मीटर आठ एमएमची साखळी असायलाच पायजे. नायलॉनच घे, तो ताणला जातो आणि झटका खातो. तो निळा-हिरवा पॉलीप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, नांगराला चुकूनसुद्धा लावू नको.

नांगर पण बदल. चार आकड्यांचा खडपात अडकवायला चांगला, वाळूत त्याचे आकडे बोटभर चर काढत निघून येतात. वाळूला डॅनफोर्थ किंवा नांगराच्या फाळासारखा डेल्टा, आठ-दहा किलोचा.

टाकायची पद्धत, फेकायचा नाही. नाळ वाऱ्याकडं करून बोट थांबू दे, नांगर हातानं खाली सोड, बोट आपोआप मागं जाईल तसा दोर देत जा, अर्धा गेला की जरा आवळ म्हणजे आकडा वळेल, मग बाकीचा सोड आणि इंजिन रिव्हर्सला अर्ध्या रेसवर अर्धा मिनिट धर. त्या वेळी दोरावर हात ठेव. नांगर धरला असेल तर दोर नुसता ताठ लागतो, घसरत असेल तर हाताला थरथर लागते, दगडावरनं बैलगाडी जावी तशी. थरथर लागली तर लाज न बाळगता उचल आणि परत टाक. मग किनाऱ्यावरच्या दोन वस्तू एका रेषेत धरून ठेव, पुढचं माडाचं झाड आणि मागचा मोबाईलचा टॉवर म्हण, आणि आडव्या बाजूला अजून एक जोडी. रेष तुटली की सरकलास. फोनवर अँकर अलार्मचं ॲप लावच, पण रात्री दिवे दिसतील अशा खुणा संध्याकाळीच हेरून ठेव.

दोर नाळेवर जिथं घासतो तिथं बागेच्या पाइपचा तुकडा चिरून घाल. रात्रभर घासून दोर तुटतो.

---

हरिपूर_संगम

मिरजकर काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी समुद्रावरचा नाही, आमच्या घरात कृष्णेतल्या शर्यतीच्या होड्या आहेत. पण दोराचं ऐकून २०१९ चा पूर आठवला. पाणी चढणार म्हणून लोकांनी होड्या झाडाला गच्च आवळून बांधल्या, आणि पाणी चढलं तसं आखूड दोरानं होडीचं तोंड पाण्याखाली ओढलं, आमची एक तशीच गेली. ज्यांनी सैल लांब दोर ठेवून रात्रीत दोनदा उठून बघितलं त्यांच्या राहिल्या. पाणी वर येणार असेल तर दोर आधीच त्या हिशोबानं सोडायचा एवढंच म्हणायचं होतं.

---

कराडची_मी

दादा, तुमची पोस्ट वाचून अंगावर काटा आला. पण मला एक वेगळं विचारायचंय, तुम्ही वडिलांना बोटीतनं वाळूवर उतरवणार कसे? छोट्या रबरी बोटीतनंच ना?

मी माझ्या नवऱ्याबरोबर सहा वर्षं अशीच फिरते आणि आम्हाला खरा दणका नांगरानं नाही, त्या रबरी बोटीनं दिला. बाहेरून बघताना लाटांची पाठ दिसते, ती गुळगुळीत असते, त्यामुळं वाटतं काही नाहीये, जाऊ. आत गेल्यावर मागून लाट येते, बोटीचं बूड उचलते, बोट आडवी होते आणि पालथी पडते, दोन सेकंदाचं काम. माझ्या खांद्याला तेव्हा लागलेलं अजून थंडीत दुखतं, आणि पाणी कमरेएवढंच होतं तिथं. बहात्तर वर्षांच्या माणसाला त्यातनं नेऊ नका हो. न्यायचंच असेल तर आधी बाहेर थांबून दहा-पंधरा मिनिटं नुसत्या लाटा बघा, मोठ्या लाटा तीन-चार एकापाठोपाठ येतात आणि मग जरा उसंत मिळते, ती उसंत किती ते घड्याळ लावून मोजा. लाइफ जॅकेट सगळ्यांनी अंगात घालून, मांडीवर ठेवून नाही. आणि सगळ्यात पांढरा फेस जिथं कमी दिसतो तिथं पाणी परत आत ओढणारा प्रवाह असू शकतो, ती जागा सोपी समजून तिथं पोहायला उतरू नका.

एप्रिल-मेमध्ये तर अजिबात नको. त्या दिवसात वारा नसतो, समुद्र तेलासारखा, आणि तरी अचानक लांब लांब लाटा यायला लागतात. त्या आपल्याकडच्या नसतातच, खाली दक्षिण महासागरात वादळ झालेलं असतं आणि तिथनं हजारो किलोमीटर चालत येतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादच्या इन्कॉइसच्या साइटवर लाटांचा अंदाज येतो, त्यात नुसती उंची नका बघू, किती सेकंदाला लाट येते ते पण बघा. एक मीटर आणि सहा सेकंद वेगळं, एक मीटर आणि सोळा सेकंद पूर्ण वेगळं, सोळावाली किनाऱ्याजवळ आली की मान वर काढते.

---

शिवसागर_सातारा

काका, ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. तिथीचा हिशोब वाचून मी कागदावर मांडून बघितला आणि गप्पच बसलो. धरणात आम्ही लाँच खुंटाला बांधतो नाहीतर दगड टाकतो, पाणी रात्रीत चढत नाही, लाट म्हणजे दुसऱ्या लाँचची, त्यामुळं खोली परत मोजायची सवयच नाही. तीच सवय घेऊन समुद्रावर गेलो.

दोन गोष्टी अजून. एक, त्या दिवशी बोट आडवी लोळत पण होती, वारा एकीकडनं आणि लाटा दुसरीकडनं, पोरीला उलट्या झाल्या त्या त्यामुळंच. त्याला मागून दुसरा नांगर टाकावा का? दोन, परत घसरला तर त्या क्षणी करायचं काय, मी नांगर उचलायच्या नादात तीन-चार मिनिटं घालवली.

---

मिरजकर_सुकाणू

दुसरं आधी, कारण ते महत्त्वाचं. घसरला की नांगर उचलत बसायचं नाही. पाठीमागं मोकळं पाणी असेल तर अजून दोर सोडून बघ, बऱ्याचदा परत धरतो. पण पाठीमागं किनारा असेल तर इंजिन चालू, तोंड समुद्राकडं, आणि नांगर वर येत नसेल तर दोर सोडून दे. त्यासाठी दोराच्या आतल्या टोकाला आधीच एक मोठा फेंडर, बोटीच्या कडेला लावतो तो हवेचा फुगा, बांधून ठेव, तो तरंगत राहील, सकाळी येऊन घेऊन जा. आणि ते टोक बोटीला शॅकलनं, म्हणजे लोखंडी कडीनं, कधी पक्कं करू नको, दोरीनं बांध, म्हणजे सुरीनं एका झटक्यात कापता येईल. सुरी नाळेजवळ बांधलेली पायजे, शोधायला लागता कामा नये. नांगर पंधरा-वीस हजाराला परत मिळतो.

आउटबोर्डवर पण फार भिस्त ठेवू नको. लाटेत बोटीचं बूड वर गेलं की पंखा हवेत फिरतो, जोर लागत नाही. म्हणून मोठं शीड अर्धं आवळून चढवायला तयार ठेवायचं, झोपताना सुद्धा. आणि झोपताना असं म्हटलं पण उघड्या किनाऱ्यावर सगळ्यांनी झोपायचं नसतं, दोन-दोन तासाची पाळी लावायची, एक जण जागा.

मागून नांगर टाकला की नाळ लाटांकडं धरून ठेवता येते, लोळणं थांबतं, हे खरं. शांत हवेत दुपारी जेवायला थांबलास तर बिनधास्त टाक, छोटा चालतो. रात्री नको. वारा फिरून आडवा आला तर दोन्ही नांगरांमध्ये बोट धनुष्यासारखी अडकते, सगळा वारा अंगावर, आणि अंधारात दोन दोर सोडवायचे म्हणजे काय ते तूच समज. त्यापेक्षा नांगराच्या दोराला नाळेपुढं गाठ मारून दुसरा दोर मागच्या बाजूला आणायचा आणि आवळत जायचं, बोट हवी तेवढी तिरकी होते. एकच नांगर, आणि नको झालं की दुसरा दोर नुसता सोडायचा.

आणि रात्री डोलकाठीवर चौफेर दिसणारा पांढरा दिवा. पहाटे मच्छीमार ट्रॉलर निघतात, त्यांना तू दिसलास पायजे. व्हीएचएफ रेडिओ असेल तर तो चॅनेल १६ वर ठेव. फोनमध्ये तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही आत्ताच सेव्ह कर.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात मुंबईसमोर समुद्रात पी-३०५ बार्जचे नांगर सुटले आणि ती बुडाली, सत्तरच्या वर माणसं गेली. तिथं किती मोठे नांगर असतील विचार कर. नांगर आहे म्हणून थांबू असं मी त्यानंतर कधीच मनात आणलं नाही, निघायची वाट उघडी आहे का हे आधी बघतो. उघड्या किनाऱ्यावर तर अंधार पडायच्या आत ठरवायचं, आणि मन जरा जरी खात असेल तर उजेडात निघायचं.

---

वाशिष्ठीकाठ

भाऊ, मी चिपळूणचा, मामा दाभोळला मासेमारी करतात. तुमच्या वडिलांचं वाचलं आणि राहवलं नाही.

त्यांच्या गावावरचं पाणी गुहागरला समुद्राला मिळत नाही हो. शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यातनं पोफळीला येतं, वीज करून पुढं कोळकेवाडीला, आणि तिथून आमच्या वाशिष्ठीत. आमच्या चिपळूणच्या नदीला उन्हाळ्यातसुद्धा पाणी असतं ते तुमच्या कोयनेचंच. आणि वाशिष्ठी दाभोळच्या खाडीतनं समुद्राला मिळते, अंजनवेल आणि दाभोळच्या मधनं. म्हणजे तुमच्या बाबांना बघायची ती जागा गुहागरच्या उत्तरेला सहा सागरी मैलांवर आहे, आणि ती आत शिरून थांबायची जागा आहे, उघडी नाही.

तर असं करा. जयगडहून पहाटे पाचला निघा, डिसेंबरात त्या वेळी जमिनीवरून मतलई वारा असतो, बाजूनं लागतो, समुद्र सपाट. अकरा मैलांवर गुहागर, आठच्या आसपास पोचाल. तिथं हवा चांगली असेल तर आठ मीटर पाण्यात नांगर टाकून तासभर थांबा, बाबांना बोटीवरच चहा द्या, सुरूचं बन आणि सगळा किनारा सकाळच्या उन्हात समोर दिसतो. वाळूत उतरवू नका, ताई बरोबर सांगतायत. दहाच्या आत निघा. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की तो तोंडावर येतो आणि उत्तरेकडं जाताना हाल होतात.

दाभोळच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे, ओहोटीला लाटा फुटतात, तिथं भरती चढत असतानाच शिरायचं. तिथीची पाऊणपट तुम्हाला आता माहितीच आहे. द्वितीयेला दुपारी दीडला पूर्ण भरती, म्हणजे साडेअकरा-बाराला शिरलात तर पाणी चढतंय आणि वाळू लागली तरी सुटाल. अष्टमीला दुपारी बारा म्हणजे ठार ओहोटी, तो दिवस घेऊ नका. आदल्या दिवशी बंदराच्या ऑफिसात फोन करून वाट विचारून घ्या, आणि शक्य झालं तर दाभोळच्या होडीमागं शिरा, वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते.

आत आल्यावर धोपावे-दाभोळ फेरीच्या वाटेत थांबू नका, आणि डोल जाळ्यांच्या खुंटांपासून लांब. तळ चिखलाचा, डॅनफोर्थ चांगला रुततो. फक्त एक, खाडीत भरती-ओहोटीचा प्रवाह दर सहा तासांनी फिरतो आणि बोटीचं तोंड उलट्या दिशेला वळतं, तेव्हा नांगर उपटून परत धरतो का ते जागं राहून बघायचं, पहिल्या दोन फेऱ्या तरी. चिपळूणच्या दिशेनं फार वर गेलात तर पोरीला पाण्यात पाय सोडू देऊ नका, वाशिष्ठीत मगरी आहेत.

गुहागरला दाभोळहून फेरीनं पलीकडं धोपाव्याला उतरा, तिथून गाडीनं गुहागर जवळ आहे. बाबांना व्याडेश्वराला न्या आणि मग वाळूत चालू दे हवं तेवढं.

---

शिवसागर_सातारा

तुमचं वाचून दाखवलं त्यांना. मी वाचत होतो आणि ते खिडकीतनं बाहेर बघत होते. कोळकेवाडी म्हटल्यावर म्हणाले, परत वाच.

गुहागरची रात्र रद्द. ऐंशी मीटर नायलॉन आणि आठ एमएमची साखळी आज पुण्याला सांगितली, नांगर डेल्टा दहा किलोचा मिळतोय. मार्गशीर्षातली शुद्ध द्वितीया बघतोय. मामांचा फोन मिळाला तर आदल्या संध्याकाळी त्यांच्याशीच बोलेन म्हणतो. पोरगी पण येणार म्हणतेय, तिथी तिनंच कॅलेंडरवर शोधली.

---

वाशिष्ठीकाठ

फोन मेसेजमध्ये टाकलाय. मामा म्हणाले साडेअकराला तोंडाशी आमची होडी उभी असेल, तिच्या मागनं या.